युवराजांसमोरची खुर्ची

सोलापूर, मार्च १९७४
सोमवार, सायंकाळ

डावा कान अजून वाजतो आहे. महाराजांनी मला, त्यांच्या हुजऱ्याला, इनाम दिलेली जमीन मी महाविद्यालयास दिली; तिच्यावरील वसतिगृहाचे आज उद्घाटन होते. महाराजांचे चिरंजीव व्यासपीठावर आले. राजघराण्यातील कोणाहीसमोर हुजऱ्याने बसावयाचे नसते. मी खुर्चीवरून उठलो नाही.

"गोंद्या, ऊठ! मुजरा कर."

"युवराज, आज मी येथे पाहुणा आहे."

युवराजांच्या हातातला वेत सपकन कानावर बसला. दुसऱ्या फटक्याने भुवई फुटली. तोच वसतिगृहाची मुले धावली. त्यांनी युवराजांना खाली खेचले आणि तोच वेत हिसकावून त्यांच्यावर चालवला. एकाने धोंडा उचलला, तेव्हा मी युवराजांच्या अंगावर आडवा पडलो.

"तात्या, सरका की! लई माज हाय ह्याला, आज जित्ता सोडत न्हाय!"

"खून कराल आणि फासावर जाल, मूर्खांनो!"

माझ्याखालून, रक्ताळलेल्या तोंडाने युवराज पुटपुटले, "शाब्बास गोंद्या. इमान राखलंस."

इमान! मी मुलांसाठी आडवा पडलो. मुलांसाठीच ना? मग युवराजांना उचलताना "सरकार, फार लागले का?" हे माझ्या तोंडून कसे निघाले?