सव्वा मुठीचं चित्र

माय,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. आज मी चिडलेय. जिवंत होतीस तेव्हा तू मला चिडू तरी कुठे दिलंस?

तर ऐक. तू खड्यांनी केलेलं ते चित्र सध्या माझ्या घरी, सुरतेतल्या कतारगामला आहे. काल कानबाईचं विसर्जन करून तापीवरून घरी परतल्यावर किशोरनं ते माझ्या हातात दिलं. "ताई, खडे गळायला लागलेत. तुझा हात बसलाय, चिकटवून दे ना. समाजाच्या हॉलमध्ये लावायचंय." म्हणे हात बसलाय! तो कसा बसला, हे तुझ्या लेकाला ठाऊक आहे का गं?

माझी दहावी झाली आणि तू म्हणालीस, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." टेम्पो साड्यांचे गठ्ठे दारात टाकून जायचा, आणि उधन्याच्या त्या खोलीत आपण दोघी लोकांच्या साड्यांवर खडे चिकटवत बसायचो. खडे चिकटवायच्या गमानं बोटांची सालं निघायची. किशोर आयटीआयला गेला. माझं पुढचं वर्ष काही आलं नाही.

म्हातारपणी मात्र तुला स्वतःसाठी काही करावंसं वाटलं. लोकांच्या साड्या पुष्कळ सजवल्या, आता माझं आयुष्य कापडावर काढते, म्हणालीस. मला केवढा आनंद झाला होता! पांढरं कापड मीच आणून दिलं. वर खान्देशातलं आपलं गाव, खाली सुरत आणि मधून चंदेरी टिकल्यांची तापी. "तिच्याच काठानं आलो," म्हणायचीस. बाबांचा मिलमधला माग काळ्या खड्यांचा. मधोमध नारळाची कानबाई, लाल खड्यांची नथ घातलेली. फार सुंदर झालंय गं ते. रागातसुद्धा मला ते कबूल करावं लागतंय.

मग आले गहू. कानबाईच्या प्रसादाच्या रोटांसाठी आपल्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. बायकांच्या नावानं नाही. तू चित्रातही तेच केलंस! सोनेरी खड्यांची एक मूठ आजोबांची, एक बाबांची, एक किशोरची, एक त्याच्या लेकाची, ओमची. तुझा हात थरथरायचा, म्हणून तू दाखवायचीस आणि खडे मी लावायची. किशोरचे गहू माझ्या बोटांनी लागलेत, माय. आता माझी मूठ येईल, आता येईल, असं वाटत राहिलं.

शेवटी न राहवून विचारलं, "अन् मी?"

मानही वर केली नाहीस. "तुना वाटा तुना सासरमा से, आठे नही."

इथे नाही, सासरी! सासरीही पुरुषांचीच मूठ घेतात, हे तुला माहीत नव्हतं? तू स्वतः कोणाच्या घरात नांदत होतीस? तुला मिळाली होती का कधी?

गेल्या वर्षी तू गेलीस म्हणून घरात कानबाई बसली नाही. यंदा किशोरनं थाटात बसवली आणि मागच्या भिंतीवर तुझं चित्र लावलं. येईल त्या पाहुण्याला कौतुकानं समजावत होता, ही आजोबांची मूठ, ही बाबांची, ही माझी. शेजारच्या मंजुबेनना आपले रिवाज काय ठाऊक! त्यांनी सरळ विचारलं, "किशोरभाई, आमां तमारी मम्मी क्यां छे?" यात तुमची आई कुठंय, असं.

किशोर हसला. "मम्मीए ज तो बनाव्युं छे, मासी!" तिनंच तर केलंय, म्हणे. आणि पुढच्या पाहुण्याकडे वळला.

मी मात्र भिंतीपाशी उभी राहून तुला शोधू लागले. गावात नाहीस, तापीच्या काठावर नाहीस, मागापाशी नाहीस. तुझ्या आयुष्याच्या चित्रात तू कुठेच नाहीस! माझं नसणं मी कधीच गिळलं होतं गं. पण तुझं?

गाव काय एकट्या बाबांनी सोडलं? मिल बंद पडली तेव्हा चूल कोणाच्या खड्यांवर पेटत होती? कापड तुझं, खडे तुझे, सासू कधीच गेलेली, विचारणारं कोणी नाही. मग कोणाला घाबरत होतीस? तुझी कीव येते, आणि कीव आली की राग आणखी वाढतो. मला वगळायचं ते वगळलंस, पण स्वतःलाही इतक्या सहज कसं गं वगळलंस?

वहिनीनं मला पुरणपोळी वाढली. रोट दिला नाही. लग्न झालेल्या लेकीला देत नाहीत ना! ती बिचारी तूच शिकवलेलं पाळतेय.

तर आता वचन देते, तुला आवडो न आवडो. गळलेले सगळे खडे मी पुन्हा चिकटवीन. किशोरच्या मुठीतलेही, हात आखडता घेणार नाही. आणि बाबांच्या मागाशेजारी सव्वा मूठ गहू तुझ्या नावाचे लावीन. किशोर ओरडला तर ओरडू दे. हॉलमध्ये कोणी विचारलं ही कोणाची, तर सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन.

माझी मूठ मात्र लावणार नाही, माय. ती तू लावायला हवी होतीस.

तुझ्याच पोटची,
सुरेखा