पाच सेंटिमीटरची दगदग

२६ ऑक्टोबर २०२४
वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटणाऱ्या मुलीने लेखणी उचलावी हा उद्धटपणाच. वहीची क्षमा मागून आरंभ करते. बाबांनी हिवरखेडच्या वावरातला पाव एकर माझ्या स्वाधीन केला. "हरभरा चांगला निंघाला, त पुढच्या साली सारं वावर तुह्या पुस्तकानं पेरू," म्हणाले, आणि आत्याच्या पेरणीसाठी परतवाड्याला गेले. कृषी पदवीच्या वर्गात मी पहिली आहे. चिंता नाही.

२७ ऑक्टोबर
पुस्तक म्हणते, खत बियाण्याच्या बाजूला पाच आणि खाली पाच सेंटिमीटर द्यावे. कोवळ्या मुळाने एवढी पायपीट का करावी? ग्रंथकर्त्यांनी त्याच्या दगदगीचा विचार केलेला दिसत नाही. युरिया थेट बियाण्यात कालवला.
तिफणीमागच्या सरत्यात, म्हणजे पेरणीच्या नळीत, बियाण्याची मूठ सोडणाऱ्या गंगूबाई म्हणाल्या, "काहून वं माय, जलमल्याबरोबर लेकराले तिखट चारतं काय?" त्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा, परंतु त्यात थिअरी नाही. आदराने दुर्लक्ष केले.
शेवटच्या चार तासांना, म्हणजे पेरणीच्या ओळींना, युरिया पुरला नाही. तेथे नुसतेच बियाणे पडले. उपाशी बिचारे. प्रयोगाच्या भाषेत त्यांना 'कंट्रोल' म्हणावे.

२ नोव्हेंबर, पाडवा
जमीन सपाट. बियाणे आतल्या आत मूळ बळकट करीत असावे. सखोल अभ्यास करणारे वर्गात उशिराच बोलतात.

४ नोव्हेंबर
उपाशी तासांत कोंब! भुकेने घाबरून वर आले असावेत.

६ नोव्हेंबर
आई म्हणते, पाखरांनी दाणे टिपले असतील. चार तास सोडून बाकीचेच टिपले, तर पाखरांच्या शिस्तीचे कौतुक करावे लागेल.
बाबांनी फोनवर फोटो मागितला. संकल्प: उद्या सगळे खरे सांगणे.

७ नोव्हेंबर
फोटो पाठवला. चार तासांचा. अगदी जवळून. खोटे काही नाही. फक्त चौकट लहान आहे.

८ नोव्हेंबर, सायंकाळ
बाबांचा फोन. आवाज फुललेला. "पोरी, नाव काढलं! आत्याचं वावर उद्या सकाळी सातले तुह्याच पद्धतीनं पेरतो. युरिया बियाण्यातच कालवला म्हणे तुही माय; किती कालवला, तेवढं सांग." मी म्हणाले, वहीत पाहून कळवते.
वहीत आहे. कळवले नाही.

९ नोव्हेंबर, पहाटे
खुरप्याने दहा ठिकाणी उकरले. दाणे फुगून तपकिरी झालेले, मोडांची टोके करपलेली. घरी येऊन पुस्तक उघडले. 'बियाण्यास युरिया लागल्यास उगवण होत नाही.' पान एकशे बारा. मी एकशे अकरापर्यंत पाठ केले होते.
बाबांना लिहिले: "आत्याच्या बियाण्यात युरिया कालवू नका. माझे जळाले. फोटोतले चार तास बिनखताचे आहेत. पुढच्या साली तुम्हीच पेरा."
पाठवले: ९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६ वाजून ५२ मिनिटे.