सव्य, अपसव्य आणि नागिणीची लस

१ ऑगस्ट
ज्या दयाघनाच्या कृपेने ही लेखणी अजून हाती राहते, त्यास वंदन. अक्षर कापते, निश्चय नव्हे. विषय : नागिणीची लस. माझ्या कंपवाताचे कानडी डॉक्टर हयवदन म्हणाले, अप्पाजी, ह्या लसीत जिवंत विषाणू नाही, कंपवाताला तिची आडकाठी नाही. उलट नागीण झाली तर कंप वाढेल. दोन डोस, दंड स्वल्प दुखेल, अष्टे, इतकेच. मी नित्याच्या कवचस्तोत्राचा उल्लेख केला. म्हणाले, सरी, तेही म्हणा. उपहास स्पष्ट होता.

२ ऑगस्ट
सौ. प्रमोदिनीचे म्हणणे, दोघेही घेऊ. विचारले, दंड दुखल्यास पूजेत पळी कोण धरील? म्हणाली, तसेही तीर्थ देवापेक्षा सतरंजीलाच अधिक मिळते. संयम.

९ ऑगस्ट
श्रावणी. नवे जानवे. लस घेणार नाही. विषय संपला.

२० ऑगस्ट
चिरंजीव प्रणीत इंदिरानगरहून आला. अपॉइंटमेंट घेतो म्हणाला. सांगितले : आधी अमावास्या, मग गणपती, मग पितृपक्ष, विजयादशमीला विचार करू. म्हणाला, बाबा, सरळ संक्रांतच धरा ना. संस्कारांत आम्हीच कमी पडलो.

१० सप्टेंबर
उजव्या बरगडीखाली दाह. जानवे काचले असणार. तर्पणासाठी अपसव्य केले, सूत डावीकडे गेले, दाह उजवीकडेच. सूत निश्चित भेसळीचे.

१२ सप्टेंबर
तिसरे जानवे. चंदनलेप. तरीही बारीक फोड, पाठीपासून पोटाच्या मध्यापर्यंत, पुढे नाही. प्रमोदिनीने विचारले, जानवे पोटाच्या मध्यावर येऊन थांबते का हो? म्हणे, ही नागीण आहे. तिला सुतातले काय कळते!

१३ सप्टेंबर, सायंकाळी
नागीण. हयवदनांनी सदरा वर करताच सांगितले. गोळ्या दिल्या. मी ताठ मानेने म्हणालो, लसही टोचा, मी सिद्ध आहे. म्हणाले, आता नाही अप्पाजी, आधी बरे व्हा. शेजारच्या खोलीत प्रमोदिनीने मात्र ऐन पितृपक्षात, मुहूर्त न पाहता, टोचून घेतली.

१४ सप्टेंबर
पूजेत माझ्याने पळी धरवेना. तिचा दंड दुखत होता. तरी तिने माझ्या हातासकट पळी धरली. आज सतरंजी कोरडी राहिली.
हे जो कोणी वाचील, त्याचा दंड दोन दिवस सडकून दुखो, आणि उरलेले सर्वांग आयुष्यभर निरामय राहो. शुभं भवतु.