लिलाववाल्या काकांचा आवाज

सोमवार, ४ मार्च

हिरवी टिक! खोटारडी मेली!

रोज सकाळी आल्या आल्या बघते. बॅकअप झाला, हिरवी टिक आली, की मी निर्धास्त. आज सहज म्हटलं, पेशंटच्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग बॅकअपमधून परत काढून तर बघू. लिलाववाल्या काकांचं काढायला घेतलं. पहिल्या दिवसाचं आलं. पुढचं एकही नाही! 'फाईल वाचता येत नाही.' झालं.

कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारला. हे टूल सुरुवातीला एकदाच सगळं उचलतं. मग रोज फक्त नवं किंवा बदललेलं तेवढंच. आणि परत काढताना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे तुकडे ओळीने लागतात. मधला एक तुकडा जानेवारीतच खराब झालाय — त्यानंतरचं सगळं मुसळ केरात. आणि टिक? ती नुसती 'लिहिलं' म्हणून येते. लिहिलेलं वाचता येतंय का, हे बघायची तिला गरजच वाटत नाही.

मंगळवार, ५ मार्च

डॉक्टरांना सांगितलं. रिपोर्टमधून वर मान केली नाही.

"मूळ रेकॉर्डिंग आहेत ना जागेवर?"

"आहेत, सर."

"मग बिघडलं काय?"

अहो, मूळ जागेवर आहे तोवर बॅकअप लागतो कुणाला! (हे मनात.) तोंडाने म्हटलं, "डिस्क जुनी झालीय, सर. कधीही जाईल."

"बघा मग दुसरं काहीतरी. पण पेशंटचं काम अडायला नको."

पेशंटचंच तर काम आहे हे! घशाचं ऑपरेशन होऊन ज्यांचं बोलणं कायमचं जाणार, त्यांचा आवाज आम्ही आधी भरून ठेवतो — म्हणजे पुढे मशीन त्यांच्याच आवाजात बोलेल. ऑपरेशन झाल्यावर ती फाईल गेली, तर तो आवाज जगात कुठेच नाही. आम्ही सांभाळायचा म्हणून ते विश्वासाने देऊन जातात. आणि आम्ही टिक बघतो!

बुधवार, ६ मार्च

दिवसभर टूलं तपासली. डोळ्यांची वाट लागली.

पहिलं — जसंच्या तसं दुसरीकडे उमटवणारं. सोपं, झटपट. मुद्दाम इकडची एक फाईल उडवली. तिकडचीही उडाली! आज्ञाधारक गाढव.

दुसरं बरं वाटलं. फाईलचे बारीक तुकडे करतं, सारखे तुकडे एकदाच ठेवतं, म्हणून जागा कमी खातं. कुठल्याही दिवसाची प्रत मागा, पूर्ण देतं. साठवलेलं धड आहे का हेही स्वतः तपासतं. फक्त पासवर्ड हरवला की सगळ्यावर पाणी. ते मी बघून घेईन.

जुन्या डिस्कवरचं सगळं शनिवारी यात टाकायचं. पहिल्या खेपेला वेळ लागणार.

गुरुवार, ७ मार्च

काकांचं शेवटचं रेकॉर्डिंग. पुढच्या बुधवारी त्यांचं ऑपरेशन. उभा जन्म भाजी मार्केटात लिलाव पुकारण्यात गेला. साधं वाक्य साधं वाचवत नाही त्यांना. मी समोर कागद धरला — 'मला भूक लागली आहे.' काका म्हणाले, "मला भूक लागली आहे — एक वार! दोन वार!" तिसऱ्या वाराला काच हादरली.

बाहेर काकू. "घरीही असंच. ताटात भाजी वाढली तरी बोली लावतात."

काका म्हणाले, "ताई, पुढच्या आठवड्यापासून हिला आराम. दहा माणसांचं बोलून घेतलंय मी." काकू हसल्या नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च

नवीन डिस्क आली. केबल चुकीची. परत पाठवली, दुसरी आणली, संध्याकाळ झाली. वैताग!

शनिवार, ९ मार्च

अखेर सुरू केलं. रटाळ चालतंय. सोमवारपर्यंत होईल. घरी आले तर आई म्हणते, "त्या कॉम्प्युटरचा राग माझ्या भांड्यांवर काढू नकोस."

सोमवार, ११ मार्च

डिस्क गेली. जुनी. सकाळी कट्-कट् आवाज आणि मग काहीच नाही.

घाबरले नाही. नवी प्रत आहे! उघडली — अर्धवट. शनिवारी दुपारीच थांबवलेली! रिसेप्शनवाल्याला धरलं. "मॅडम, सरच म्हणाले, रेकॉर्डिंग रूमचा कॉम्प्युटर फार हळू चालतोय, ते काय चाललंय ते बंद कर." मला एक फोन नाही. एक शब्द नाही!

इतर सगळ्यांचं आलंय. काकांच्या गुरुवारच्या रेकॉर्डिंगपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढ्यावर भागवू." मी म्हटलं, "भागणार नाही. मशीनला लागणारी निम्मी वाक्यं गुरुवारचीच होती. काकांना पुन्हा बोलवावं लागेल. आणि का बोलावलं, ते तुम्ही सांगायचं." पहिल्यांदाच असं बोलले.

त्यांनी फोन केला.

मंगळवार, १२ मार्च

काका आले. चार-पाच दिवसांत घसा आणखी सुजलेला, आवाज चिरका. परवा काच हादरवणारा माणूस! डॉक्टर दाराशी उभे राहून सॉरी म्हणाले. काका म्हणाले, "राहू द्या हो. नासका माल परत येतोच." आणि बसले वाचायला.

दर चार वाक्यांनी पाणी. 'काळजी करू नका' या वाक्याला तीनदा अडकले. निम्म्यावर मीच थांबवलं. ऐकवेना.

ते गेल्यावर तीन ठिकाणी प्रती केल्या. दुसऱ्याच कॉम्प्युटरवर परत काढल्या आणि एकेक वाक्य कानाने ऐकलं. टिक गेली खड्ड्यात.

बुधवार, १३ मार्च

ऑपरेशन नीट झालं.

मंगळवार, ३० एप्रिल

आज काकांचं मशीन सुरू केलं. काकांनी बटणं दाबली आणि ते त्यांच्याच आवाजात म्हणालं, "चहा सांगा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी नाही. पुन्हा तेच बटण दाबून ऐकलं — ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा तो चिरका आवाज. मग कागदावर लिहिलं — 'हा नको. दुसरा कुणाचाही लावा.'

डॉक्टरांनी समजावून पाहिलं. काका मान हलवत राहिले. शेवटी तयार आवाजांतला एक लावून दिला.

काका रिक्षात बसल्यावर काकू एकट्याच माघारी आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांचं बोलणं आहे ना गं तुझ्याकडे? मला दे. चुकलेलं, खोकलेलं, सगळंच दे. त्यांना मात्र सांगू नकोस."