साडीवाल्या चितळाचा पावसाळा

९ जुलै
सोयाबीन वर आलं अन् दादाची कटकटबी वर आली. सकाळी चहा व्हायच्या आधी दारात उभा. "बबन्या, चितळायनं धुऱ्याकडचा, बांधालगतचा सगळा कोंब खाल्ला. तू काढ फोटो त्यायचे. मी बसतो डोक्याले हात लावून." मोठा भाऊ हाय, बोलता येत नाही. अन् वावर दोघायचं, त्यामुळं खाल्लं ते माझंबी.
दिवसभर साड्या बांधल्या. जंगलाच्या बाजूनं, एका लाकडी बल्लीपासून दुसऱ्या बल्लीले. वाऱ्यानं कापड फडफडलं का जनावर बिचकते. अख्ख्या गावाचं कुंपण असंच हाय. बायकोनं, शोभानं, पलंगाखाली जुन्या साड्यायचं गाठोडं बांधून ठेवलंच होतं, तेच नेलं.
संध्याकाळी दुरून पाह्यलं. वावर मांडव टाकल्यावानी दिसून राह्यलं होतं. दादा पहिल्यांदा काही बोलला नाही, म्हणजे खूश.

१० जुलै
घरात भडका. पलंगाखाली दोन गाठोडी होती म्हणे. एक कुंपणाचं, एक चांगल्या साड्यायचं. मी चांगलं नेलं.
शो. : "अवो, डोळे हायत का बटनं? आपल्या पिंकीच्या साखरपुड्याची मोरपंखी साडी नेऊन बांधली वावराले!"
म्हटलं, आणतो सोडून. गेलो. बाकी चांगल्या साड्या जागेवर, त्या काढून जुन्या बांधल्या. मोरपंखी मात्र गायब, तिथली बल्ली आडवी पडलेली, अन् चिखलात खुरं.
रात्रीचं वरण अळणी होतं. मीठ मागायची हिंमत झाली नाही.

१३ जुलै
सापडली साडी.
सकाळी नाल्याच्या अल्याड बसलो होतो, पल्याड चितळायचा कळप. नेहमीचाच. लेन्स लावली. मधातल्या मोठ्या नराच्या दोन्ही शिंगात मोरपंखी साडी. गुंडाळा बसलेला, अन् बाकीची पार मागं लोळत. माजावरचे नर शिंगं झुडपात घासतात, गवत अडकलं तर तसंच मिरवतात, हे पाह्यलेलं हाय. याले झुडूप नाही भेटलं, आमचं कुंपण भेटलं.
आधी हसू आलं. मग तो चालाले लागला. साडी सागाच्या रोपट्यात अडकली, मान झटकन मागं ओढली गेली. पाय फाकवून उभा राह्यला, झटके दिले. फाटलं कुठंतरी, सुटला. हसू गेलं माझं. उद्या असाच अडकून पडला, कुत्रे आले, तर संपलं. अन् बांधली कोणं? मी.

१४ जुलै
फोटो दाखवला शो. ले. म्हटलं, पाह तुझी साडी कुठं गेली. लय वेळ पाहत राह्यली.
"व माय! नवरदेवच दिसते." मग, "अवो पण, हे मरन नं असं?"
त्याचं नाव तेच पडलं. यापुढं लिहिताना न.दे.

१६ जुलै
गार्ड मॅडमले भेटून आलो, जंगल खात्याच्या. पोरगी पिंकीच्याच वयाची, पण बोलणं ठाम. "काका, बेशुद्ध करणारी टीम बोलावता येते. मी वरती कळवलंच हाय. पण चितळ लय भित्रं. पकडापकडीतच घाबरून जीव सोडते. त्याचे शिंगं पावसाळा सरता सरता गळतात. शिंगं गळले का साडी गेली. तोवर कुत्रे अन् माणसं दूर ठेवा."
म्हणजे शिंगं गळेस्तोवर जगला तर सुटला. एवढंच हाय सगळं. पण "पावसाळा सरता सरता" म्हणजे किती लांब.
बाकीच्या सगळ्या साड्या सोडून घरी आणल्या. दादा भडकला. भडको.

२२ जुलै
रोज सकाळी जाऊन राह्यलो. खाणीत डंपर चालवला तवा ड्युटीवर इतका वेळेवर गेलो नसंन.
माद्या त्याच्यापासून दूर पळत होत्या आधी. कापड हललं का सगळा कळप शेपट्या वर करून गायब, अन् न.दे. बिचारा त्यायच्या मागं, त्यायले वाटे साडी मागं लागली. आज पहिल्यांदा एक म्हातारी मादी जवळ आली. साडीचा काठ हुंगला. चाटला. मग निवांत चराले लागली. तिचं पाहून बाकीच्या.
फोटो चांगले आले. साडीचा रंग पावसात असा उठून दिसते, काय सांगू.

२९ जुलै
आज शो. सोबत आली. "माझी साडी हाय, मले पाह्यचा हक्क हाय," म्हणे. छत्री, चटई, डब्यात पोहे. मी म्हटलं, पिकनिक हाय का? म्हणे, "तुमचं ते काय हाय मग?"
अन् बरं झालं आली. मी दोन आठवडे पाहत होतो, पण मले समजलं नव्हतं. न.दे. नाल्याच्या काठावर आला, थांबला, मान एका अंगाले वळवून असा झोक दिला का सगळी साडी पाठीवर. मग उडी. साफ पल्याड. कुठंच अडकली नाही.
शो. टाळी वाजवता वाजवता थांबली. "पदर सावरला त्यानं! अवो पाह्यलं का? मले लग्नानंतर सहा महिने लागले होते चुलीपाशी पदर सांभाळाले. सासूबाई रोज बोलत. अन् याले कोणी शिकवलं?"
कोणीच नाही. रानात एकटा, डोक्यावर हे ओझं, अन् स्वतःचं स्वतः शिकला. मले तर भरूनच आलं. चाळीस वर्षं झाले जनावरं पाहून राह्यलो, असं जनावर पाह्यलं नव्हतं.

४ ऑगस्ट
झुंज! दुसऱ्या कळपातला नर आला, जाड मानेचा. न.दे.नं पाठीवरची साडी खाली पडू दिली, शिंगं पुढं. खटाखट. समोरच्याचं शिंग कापडात गुंतलं. मी उभाच राह्यलो, म्हटलं आता दोघंही मेले. तर न.दे. मागं सरकला, सरकला, ओढलं, अन् सुटल्याबरोबर असा भिडला का तो जाड्या रायमुनियाच्या झुडपातून आरपार पळाला.
मग वानरं ओरडून राह्यले अन् हा आपला मान वर करून उभा. पाठीवर कोतवाल पक्षी येऊन बसला. काय तो रुबाब! राजा म्हणजे असाच असते.
घरी येऊन शो. ले सगळं करून दाखवलं, उशी घेऊन. जेवण थंड झालं, पण तिनं अडवलं नाही.

७ ऑगस्ट
झुंजीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पिंकीनं दहा बदाम पाठवले. जावई म्हणे, बाबा, पेपरात द्या. छाती फुगली. झोपायच्या आत कोणंतरी तोच फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, मग वणीच्या कोण्या ग्रुपवर. खाली लिहिलेलं, "साडीवालं चितळ, पाहाले या."
शो. म्हणे, "कशाले टाकला?"

१० ऑगस्ट
आ बैल मुझे मार. स्वतःच बोलावलं.
रविवार. वणीवरून गाड्या, पोट्टे, मोबाईल वर धरलेले. चिप्सचे पाकीट. मी सांगत होतो, भाऊ हळू बोला, जवळ जाऊ नका. कोण ऐकते. एकानं शिट्टी मारली. गावातले चार कुत्रे गर्दीमागं आलेच होते. कळप उधळला, न.दे. मागं पडला, कुत्र्यानं साडीचं टोक धरलं.
मी ओरडत धावलो. वय विसरलो. गोटे मारले कुत्र्यायले, एक त्या शिट्टीवाल्याच्या पायालेबी लागला, अन् बरं झालं लागला. न.दे. ओढत, फरफटत नाल्याकडं. झोक द्याले वेळच नाही भेटला त्याले. चर्रकन आवाज. निम्मी साडी कुत्र्याच्या तोंडात, अन् न.दे. निम्मी घेऊन पुरात.
पाणी लय होतं. पल्याड निघताना दिसला नाही.
जेवलो नाही. शो.बी नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून परत नाल्यावर. कळप हाय, तो नाही. काठाकाठानं पार खालच्या गावापर्यंत चाललो. लोक विचारतात, काय हरवलं?
फोटो डिलीट केला ग्रुपवरून. आता करून काय.

१७ ऑगस्ट
दादाचं आज नवलच.
पानठेल्यावर बसला होता. मोटारसायकलवर दोघं आले, अनोळखी, मागं पोत्यात लांबलचक काहीतरी गुंडाळलेलं. विचारते, "ते साडीवालं चितळ कोणीकडं दिसते?" दादानं पान चघळता चघळता थेट उलट्या दिशेनं धाडलं, खदानीकडं, जिथं चितळ काय, ससाबी नाही. अन् गाडीचा नंबर गार्ड मॅडमले फोन करून दिला. मॅडमनं रस्त्यात अडवलं त्यायले. बंदूक नव्हती म्हणे, जाळं अन् फासे होते.
मी म्हटलं, दादा, तू? तुले तर चितळायचा एवढा राग.
"राग हाय नं. माझं सोयाबीन खाल्लं त्यानं. भांडण त्याचं अन् माझं हाय. हे मधात कोण?"
घरी येऊन शो. ले सांगितलं. ती म्हणे, तुमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी शहाणं बोललं.

१९ ऑगस्ट
जिता हाय! जिता हाय!!
पल्याडच्या टेकडीवर, बांबूच्या कडेनं. शिंगात निम्मीच साडी, मागच्या पायाले जखम, पण चरून राह्यला. मी तिथंच चिखलात बसलो अन् रडलो. लिहाले लाज कायची. कॅमेरा काढला अन् एकच फोटो घेतला, घरच्यासाठी.
शो.नं शिरा केला. दादाच्या घरीबी वाटी पाठवली.

२४ ऑगस्ट
काल पोळा झाला. दादानं बैलायले झुली घातल्या, शिंगायले बेगड लावलं. शो. म्हणे, "आपला एक तिकडं जंगलात आधीच सजलेला हाय, त्याले कोण ओवाळन?"
आज दादा स्वतः म्हणाला, चाल, दाखव तुझा जावई. टेकडीवर नेलं. लेन्समधून पाहत राह्यला, कॅमेरा सोडेचना. म्हणे, "लय रुबाबदार हाय बे." मग लगेच, "पण हरभरा पेरला का याले सांग, इकडं फिरकू नको म्हणा."

६ सप्टेंबर
न.दे. बदलला. मान बारीक झाली, माज उतरला. माद्यायकडं पाहतबी नाही, एकटाच चरते. साडी उन्हापावसानं पार फिकी, मोरपंखी म्हणाले जीभ धजत नाही. डोकं झाडाले टेकवून उभा होता बराच वेळ. दुखत असंन का मुळाशी? का थकला? पायाची जखम भरली का नाही, गवतात दिसत नाही.
शो. देवाजवळ दिवा लावते तवा काहीतरी पुटपुटते. विचारलं तर म्हणे, तुमचं काय काम.

१७ सप्टेंबर
दिसत नाही. टेकडी, नाला, बांबूचं बन, कुठंच नाही.
गार्ड मॅडमसोबत अख्खी सकाळ फिरलो. शिंग नाही, कापडाची चिंधी नाही, हाडकं नाहीत, वास नाही. मॅडम म्हणे, "काका, शिंगं गळले तरी सापडतीलच असं नाही. साळिंदर खाते कुरतडून. अन् दुसरं काही झालं असतं तर कावळे दिसले असते." मान डोलावली मी. पण मन काही मानत नाही.

२६ सप्टेंबर
आज उघाड पडली. शो. अन् मी, जुनीच जागा.
पल्याड तीन नर निघाले. तिन्ही बोडके. शिंगाच्या जागी नुसत्या खुंट्या, ताज्या. अंगानं सारखे, चालीनं सारखे. नाल्यापाशी आले, पाणी पिले. मी एकाकडं पाहू का दुसऱ्याकडं.
शो. : "कोणता?"
म्हटलं, थांब. प्रत्येक चितळाचे ठिपके वेगळे असतात, जुन्या फोटोत पाहून सांगतो. तिथंच बसून कॅमेऱ्यातले फोटो मागं मागं नेले. झुंजीचा, उडीचा, कोतवाल बसलेला. सगळ्यात अंगावर साडी. नाहीतर साडीचा रंग पकडाच्या नादात अंग धूसर, काठ मात्र जरीसकट स्पष्ट. दोन-अडीच महिन्याचे फोटो, अन् ठिपके एकातबी नाहीत. पाय पाहू म्हटलं तर गवत.
तो यायच्यातला हाय का नाही, सांगता येत नाही. मेला असंन तरी सांगता येत नाही.
शो. खांद्यावरून सगळं पाहत होती. चिडली नाही, हसलीबी नाही. "अवो, तुम्ही अख्खा पावसाळा माझी साडीच पाह्यली. चितळ पाह्यलंच नाही."
लागलं. खरं होतं.
कॅमेरा बंद करून चटईवर ठेवला. तिघं पाणी पिऊन वर चढले, ऊन अंगावर आलं तसे थांबले. एकाच्या उजव्या कानाले चीर हाय. मधल्याच्या गळ्यावरचा पांढरा पट्टा रुंद. तिसरा मागच्या पायानं जरा जपून चालते, का मलेच वाटते तसं, माहीत नाही.
उद्या पुन्हा जातो. शो. म्हणे, मीबी येतो.