आत्याबाईंचा काढा

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि ताईने जबरदस्तीने घ्यायला लावलेल्या साबणाच्या वड्या. ती म्हणते, तुझ्या हातात कोणी साप दिला तरी तू आधी त्याला धुऊन घेशील. खरंच आहे. जन्मभर रोगजंतूंशी गाठ असलेल्या बाईला स्वच्छतेचं वेड नसेल तर कोणाला असायचं?

संस्था गावाबाहेर आहे. बैठी लांबट इमारत, मागे काचघर, त्याच्या मागे माळीबुवांचे भाजीचे वाफे. माझी खोली टोकाची. टेबल डुगडुगतं, पण सकाळचं ऊन थेट उशीवर येतं, त्यामुळे टेबलाला माफ केलं.

इथलं काम माझ्या आवडीचं. कोणत्या झाडपाल्याचा अर्क कोणत्या रोगजंतूला मारतो ते शोधायचं. काचेच्या बशीत जेलीचा थर, त्यावर जंतू पसरायचे आणि मधोमध अर्कात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते. अर्कात दम असेल तर टिकलीभोवतीची जागा मोकळी राहते, स्वच्छ गोल कडं दिसतं. तुलनेसाठी शेजारी नुसत्या पाण्यातल्या टिकलीची बशी. तिच्यात कडं येता कामा नये.

माणसं मोजकीच. सर, म्हणजे आमचे प्रमुख, पांढरेशुभ्र केस आणि त्याहून पांढरे हात. माझा सहकारी बोका. दुसऱ्यांचे डबे फस्त करायचा म्हणून हे नाव पडलं म्हणे, पण आज स्वतःचाच डबा अर्धा टाकून उठला. वय झालं, असं मी चिडवलं.

आल्या आल्या त्यांनी माझी दीक्षा उरकली. नव्या माणसाने न धुतलेला तळहात जेलीच्या मोठ्या बशीवर दाबायचा, ही इथली प्रथा. माझ्यासारखीला लाज आणायची उत्तम सोय!

५ फेब्रुवारी

माझा तळहात उगवला. पिवळे ठिपके, गुलाबी गोळे, अंगठ्यापाशी लव आलेली बुरशी. बोका म्हणाला, अख्खं गाव वसलंय की तुझ्या हातावर. फोटो काढून बोळातल्या भिंतीवर लावला. भिंतीवर प्रत्येकाचे दोन दोन फोटो आहेत. एक माझ्यासारखा गजबजलेला, दुसरा कोरा करकरीत. दुसरा नंतर घ्यायचा असतो, असं सर म्हणाले. काढा सुरू झाल्यावर.

काढ्याची गंमत अशी. काचघरात एक वेल आहे, काळसर पानांची. बोलावल्याशिवाय सगळीकडे घुसते म्हणून तिचं नाव आत्याबाई. तिच्या अर्कापुढे एकही जंतू टिकत नाही. जे आपण पीत नाही ते दुसऱ्याला पाजायचं नाही, असा सरांचा दंडक आहे. म्हणून सकाळी हजेरी लावली की प्रत्येकाने आत्याबाईंचा घोटभर काढा घ्यायचा. चव जवळपास नाहीच, थंडगार चमचा चाटल्यासारखी. माळीबुवा तेवढे पीत नाहीत. गोड नसेल ते आपल्याला झेपत नाही, असं ते म्हणतात, आणि वाफ्यातल्या माणसाला सर आग्रहही करत नाहीत.

१३ फेब्रुवारी

आजची बशी पाहून डोळे भरून आले. क्षयाचे जंतू, सावकाश वाढतात म्हणून बोक्याने मी येण्याआधीच लावलेले, तेही कोणत्याच औषधाला न जुमानणारे. आत्याबाईंच्या टिकलीभोवती हे एवढं मोठं कडं! हेच जंतू ताईच्या छातीत आहेत.

ताईला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा तिचा ढब्बू नुकता जन्मला होता. तेव्हापासून ती मागच्या खोलीत वेगळी राहते. भाऊजी सकाळ-संध्याकाळ ढब्बूला उचलून खिडकीशी नेतात, ती आतून काचेवर बोट फिरवते आणि तो बोट धरायला बघतो. तो रांगायला लागला तरी आईच्या मांडीवर बसलेला नाही. गोळ्यांनी गुण येत नाही. ही नोकरी मी कशासाठी धरली हे सरांना सांगितलेलं नाही, पण रोजनिशीपासून काय लपवायचं? ताईला तिचं लेकरू एकदा मांडीवर घेता यावं, बाकी मला काही नको.

पाण्याची बशी मात्र आजही बिघडली. तिच्यातही कडं आलं. चिमटे नीट धुतले जात नाहीत, अर्काचा अंश राहतो, फेकून दे, असं सर म्हणाले. फेकली. बोका म्हणाला, इथे पाण्याच्या बश्या नेहमीच बिघडतात, आम्ही केव्हापासून फेकतोय.

१९ फेब्रुवारी

भाऊजींचा फोन आला. ताईच्या थुंकीतून रक्त पडलं. डॉक्टर म्हणतात, आता नशिबावर सोडा.

मी सरांकडे गेले, सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. माणसांवर चाचणी झालेली नाही, थांब, असं ते म्हणाले. आम्ही रोज पितो ते काय मग, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी तिला लहान मूल आहे का, एवढंच विचारलं. मला वाटलं, विरघळले. हो म्हणताच काढ्याचं कपाट बंद करून किल्ली खिशात टाकली.

किल्ली नसली म्हणून काय झालं? वेल आहे, शेगडी आहे, आणि काढा करायला मी आता शिकले आहे. उद्या भाऊजी स्टँडवर येऊन बाटली नेतील. चोरी तर चोरी.

२ मार्च

ताप उतरला! ताई स्वतः फोनवर बोलली, मध्ये एकदाही खोकली नाही. मी खोलीत एकटीच नाचले, टेबलही डुगडुगलं.

मलाही बरं वाटतंय. सर्दी नाही, पुटकुळी नाही, घामाला वाससुद्धा नाही. भूक मात्र मेली आहे, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. चहासाठी आणलेलं दूध मागच्या आठवड्यापासून खोलीतल्या ओट्यावर उघडं राहिलं होतं. ओतून टाकायला गेले तर ताजं. थोडं चाखलं, गोड. दही लावावं म्हणून विरजण घातलं, तेही लागलं नाही. पांढऱ्या पाण्यासारखं तसंच्या तसं.

बोक्याने बोटावरची जुनी जखम दाखवली. फुटलेल्या काचेने कापलं होतं. लाल नाही, पू नाही, दुखत नाही. फक्त मिटत नाही. आत बघितलं तर स्वच्छ.

९ मार्च

माळीबुवांशी भांडण झालं, म्हणजे ते भांडले आणि मी हसले. खताच्या खड्ड्यात तुम्ही लोक हात घालू नका, असं म्हणाले. आमच्या खरकट्याने पाला कुजत नाही, शरदातली पानं अजून हिरवी आहेत. माझ्या हातून त्यांनी पेरून घेतलेल्या वाफ्यात एकही बी उगवलं नाही, शेजारचा वाफा तरारलाय. मी म्हटलं, हाताला गुण नसतो एकेकाच्या. त्यांना हसू आलं नाही.

फाटकापाशी मांजर व्यायली आहे. एक पिल्लू उचलून आणलं, डोळेही न उघडलेलं. दुपारभर माझ्या ओंजळीत झोपलं. ऊन उतरल्यावर परत आईपाशी ठेवलं.

१० मार्च

पिल्लू मेलं. आई त्याला चाटतेय अजून. बाकीची ठणठणीत आहेत.

बाळजीव, थंडी बाधली असेल. पण त्याला मुंग्या लागल्या नाहीत. शेजारी खरकटं पडलंय, त्याला रांग लागली आहे. रांग पिल्लाजवळ येते आणि वळसा घालून जाते.

१४ मार्च

ताईच्या थुंकीची तपासणी स्वच्छ आली! डॉक्टरांचा विश्वास बसेना, दोनदा केली. आठवडाभर आणखी वेगळी राहा आणि मग मुलाला घे, असं म्हणाले. ताई फोनवर हसत होती की रडत होती कळेना. मी पण तशीच.

झोपताना पिल्लू आठवलं.

१६ मार्च

भिंतीवर दुसरा फोटो लावायची वेळ झाली. तळहात बशीवर दाबला होता. आज बघितलं, कोरा. एक ठिपका नाही.

मग सुचलं ते करून बघितलं. जंतूंनी भरून उगवलेली एक बशी घेतली आणि तिच्यावर नुसतं बोट टेकवलं. अर्क नाही, टिकली नाही, काही नाही.

१७ मार्च

बोटाचा ठसा स्वच्छ उमटला आहे. आणि तो वाढतोय. सकाळी बोटाएवढा होता, आता अर्धी बशी मोकळी.

पाण्याच्या दोन बश्या केल्या. एकीत टिकली मी ठेवली. दुसरीत माळीबुवांकडून ठेववून घेतली. का, असं त्यांनी विचारलं. उद्या सांगते म्हटलं.

१८ मार्च

माळीबुवांची बशी सायीने भरलीय. माझी कोरी.

चिमटे स्वच्छच होते. पाण्याच्या बश्या कधी बिघडल्याच नव्हत्या. त्या सांगत होत्या आणि आम्ही फेकत होतो. काढा आमच्यात मुरला आहे, हातातून उतरतो. आधी जंतू, मग बी, मग—

मोठ्याला पचतो. लहानाला नाही.

ताईला फोन लावला. लागत नाही. भाऊजींचाही लागत नाही. तार तुटली आहे म्हणे त्यांच्या बाजूला. आठवडा अजून पुरा व्हायचाय. डॉक्टरांनी सांगितलंय. ताई ऐकते डॉक्टरांचं. ऐकतेच ती.

त्याच दिवशी, नंतर

सरांच्या टेबलावर दोन्ही बश्या नेऊन ठेवल्या. त्यांनी बघितल्याही नाहीत. हळूच म्हणाले की त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. त्यांनी तिला एकदा मांडीवर घेतलं होतं. त्यानंतर ते कोणाच्या घरी गेलेले नाहीत.

मग आम्हाला का पाजलंत, मी ओरडले. सांगितलं असतं तर कोणी प्यायलं असतं का, असं म्हणाले. इतक्या लोकांचा जीव वाचेल, काहीतरी द्यावं लागतं, असं म्हणाले. उतारा विचारला तर हात पुढे केले. पांढरे. नखांच्या कडेच्या भेगा उघड्या, कोरड्या.

उद्या पहिल्या गाडीने जाते. ताईला हात लावू देणार नाही. हवं तर तिचे हात बांधून ठेवीन. शिव्या खाईन.

१९ मार्च

गाडीसाठी निघतच होते. भाऊजींचा फोन लागला.

आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाले, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, पण आता सांगूनच टाकतो. ताई काल सकाळपासून ऐकेना. तपासणी स्वच्छ आहे ना, मग आठवडा कशाला. ढब्बूला उचललं ते खाली ठेवलंच नाही. त्याने तिचं बोट तोंडात घातलं. तसाच झोपला. आणि आज पहाटेच दोघं निघाली, तुझ्याकडे यायला. जिच्यामुळे पोर मांडीवर आलं तिला आधी दाखवायचं म्हणे.

किती वाजता निघा— विचारायच्या आत फोन तुटला.

मी फाटकाशी बसले आहे. वही गुडघ्यावर. मांजर पिल्लांना घेऊन लांब गेली.

दुपार

आली. गालावर रंग आहे. किती दिवसांनी असं हसताना बघितलं तिला. लांबूनच ओरडली, बघ कोण आलंय. मी पुढे झाले नाही. हात मागे बांधून उभी राहिले. ती म्हणाली, अगं घाबरतेस काय, आता मी स्वच्छ आहे.

ढब्बूला कानापर्यंत शाल गुंडाळलेली. गाडीत वाटभर एकदाही रडला नाही म्हणे, एवढा गुणी. आईचा स्पर्श कळतो पोरांना, असं म्हणाली.

माझ्या खोलीत आहे. माझ्या कॉटवर, त्याला मांडीवर घेऊन. थोपटतेय. मी दारात बसून लिहितेय, कारण आत गेले की सांगावं लागेल.

शालीतून एक पाऊल बाहेर आलंय. गोरं. हलत नाही.

खिडकीत माश्या आहेत. तिकडे जात नाहीत.

सांगते. आता उठते आणि सांगते. तिने गाणं धरलंय, ते संपू दे. आमच्या आईचं गाणं—

हाक मारतेय. म्हणते, ओट्यावरचं दूध ताजं आहे ना गं, तापत ठेव जरा, उठला की भूक लागेल त्याला. हो म्हटलं. ताजंच आहे. मी दूध तापत ठेव—