ओकच्या राईची वाटणी आणि नेलच्या पंजाची कबुली

मी थर्झा रोझवार्न, वय त्र्याऐंशी, कै. ॲम्ब्रोज रोझवार्न यांची पत्नी, राहणार कार्नडू, गाव सेंट मेव्हर, बॉडमिनच्या माळाखाली, हे माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचं नसतं. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं ॲम्ब्रोजला दिलं होतं आणि तो आधीच गेला, नेहमीसारखी घाई करून. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, आणि त्याआधीही मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत गेले नाही, तेव्हा चुका निघाल्या तर वाचणाऱ्याने पोटात घालाव्यात.

कलम पहिले. घर, गोठा, खालची तिन्ही शेतं आणि मेंढ्या माझा मुलगा डेन्झिल याला. विकू नकोस असं लिहिणार होते, पण जिवंतपणी त्याने माझं ऐकलं नाही, मेल्यावर काय ऐकणार.

कलम दुसरे. सून ग्लेनिस हिला माझी सगळी भांडी, आणि ती कधीपासून मागतेय ती पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीची, कृती. कृती अशी: गाजर घालू नये. पंचवीस वर्षं ती गाजर घालते आणि मी खाते. यापुढे खाणार नाही.

कलम तिसरे. ॲम्ब्रोजची लोकर कातरायची कात्री गावात मेंढ्या कातरणाऱ्या क्लेमंट टॉय याला. (खोडलं. का ते शेवटी.) पोस्टातली शिल्लक माझी नात टॅमसिन हिला. या मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा. या घरात पूर्ण वाचल्याशिवाय सही न करणारी ती एकटीच आहे.

कलम चौथे. वरची ओकची राई, फाटकापासून ओढ्यापर्यंत, हीसुद्धा टॅमसिनला. डेन्झिलला नाही. त्याला तिथली झाडं पाडून सुट्टीला येणाऱ्यांसाठी अठरा कॅराव्हॅन लावायच्या आहेत. नकाशा काढून आणला होता. मी विचारलं, "आणि झाडं?" तर म्हणतो, "आई, झाडं काय, कुठेही असतात." कॅराव्हॅनही कुठेही असतात. टॅमसिनने राईतलं एकही उभं झाड तोडू नये.

कलम पाचवे, आणि याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. हेडली उग्लो, निवृत्त पोस्टमन, राहणार चॅपल गल्ली, याला हयातभर राईत केव्हाही जाण्यायेण्याचा, ओणवं होऊन चिखल बघण्याचा आणि झाडांना कॅमेरे बांधण्याचा हक्क देते. हा हक्क कुणी अडवू नये.

हेडली कोण ते गावाला माहीत आहे, कोर्टाला नसेल. हा माणूस एकतीस वर्षं माळावर बिबट्याच्या खुणा शोधत आला. कुणा श्रीमंताने पाळलेले बिबटे कायदा कडक झाल्यावर इथे आणून सोडले, असं लोक म्हणतात. हेडली लोकांचं म्हणणं मनावर घेतो. दर गुरुवारी उतरताना माझ्याकडे चहाला थांबायचा आणि खिशातून जनावराच्या वाळक्या विष्ठेची पुडी काढायचा.

"थर्झा, बघ, यात हरणाचे केस आहेत."

"आधी ते माझ्या टेबलावरून उचल."

"पोरी, तुला शास्त्राची आवडच नाही."

"मला टेबलाची आहे."

१९९८ साली त्याला राईच्या फाटकापाशी पंजाचा ठसा सापडला. कुत्र्याची नखं मातीत उमटतात, मांजराच्या जातीचं जनावर ती आत ओढून चालतं. या ठशाला नखं नव्हती. हेडलीने त्यात प्लास्टर ओतलं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि ठसा गावच्या सभागृहात काचेच्या पेटीत जाऊन बसला.

तो पंजा माझ्या नेल कुत्रीचा होता. नवी फरशी ओरबाडते म्हणून मी आदल्याच दिवशी तिची नखं अगदी मुळाशी कापली होती, आणि चिखल मऊ असल्यामुळे पंजा बशीएवढा पसरला. मी बघताक्षणी ओळखला. गुरुवारी सांगणार होते. गुरुवारी तो केक घेऊन आला. बायको गेल्यापासून त्याने पहिल्यांदाच दाढी केली होती. नाही सांगितलं. पुढच्या गुरुवारी सांगायचं तर आधीच्या गुरुवारी का गप्प बसले ते सांगावं लागलं असतं. अशी सव्वीस वर्षं गेली.

फोटो छापून आल्यावर शहरातून तिघे बंदूकवाले आले आणि त्यांनी माझा बक्षीस मिळालेला एडका काळा बिबट्या समजून उडवला. एडका पांढरा होता. तेव्हाच मी कानाला खडा लावला, म्हणून पुढे राईत जे दिसलं तेही कुणाला सांगितलं नाही.

गेल्या सप्टेंबरात विद्यापीठातली एक शहाणी बाई आली. तिने ठसा उलटापालटा केला आणि हातातला चहा संपायच्या आत सांगून टाकलं, "कुत्रा आहे. नखं कापलेला." सभागृह हसलं. क्लेमंट टॉय तर भुंकला. हेडलीही हसला, ठसा कोटाखाली घालून घरी गेला आणि तेव्हापासून माळावर गेलेला नाही. भरदिवसा पडदे ओढून टीव्हीवर लिलाव बघतो. गुरुवारी येत नाही. मरायला माणसाला एखादा आजार लागतो. याला काहीही झालेलं नाही, तरी तयारीला लागलाय.

म्हणून मी शपथेवर लिहिते. २०१५ च्या मार्चमध्ये, ऐन विणीत, माझं एक दांडगं कोकरू राईतल्या तिसऱ्या ओकच्या बेचक्यात लटकलेलं मला दिसलं. माझ्या डोक्याच्या हातभर वर. पोट रिकामं, बरगड्या चाटून साफ, खाली उपटलेल्या लोकरीचं कडं. कुत्रा कोकरू घेऊन झाडावर चढत नाही. कोल्हाही नाही. खोडावर उभे ओरखडे होते, चार-चारच्या रांगेत. मी शिडी आणून कोकरू उतरवलं आणि पुरून टाकलं. त्यानंतर जवळपास दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात नवे ओरखडे येतात. मी ते गुरांच्या खाद्याच्या दुकानातून मिळणाऱ्या कॅलेंडरवर फुलीने मांडलेत. नऊ कॅलेंडरं आहेत, तीही हेडलीला. शेवटची फुली गेल्या आठवड्यातली आहे.

हे मी गेल्यावर टॅमसिनने त्याला वाचून दाखवावं. त्याला एकतीस वर्षं खुळा म्हटल्यावर आता हे तोंडाने सांगायची माझी छाती नाही. तेव्हा तो शिव्या घालील, आणि मला त्या ऐकाव्या लागणार नाहीत.

इथवर काल लिहिलं. पुढचं आजचं.

सहीला साक्षीदार हवेत म्हणून पाद्रीबाई फिलिपा नॅन्स, क्लेमंट आणि हेडली यांना बोलावलं. दोघांनी भागलं असतं, पण त्या निमित्ताने हेडली घराबाहेर पडेल असं वाटलं. आला. दाढी वाढलेली. पाद्रीबाईंनी कागद वाचला आणि मला खिडकीपाशी नेलं. "थर्झाबाई, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं जातं."

क्लेमंटचा प्रश्न सोपा होता. कात्री आत्ताच त्याच्या हातात दिली आणि कलम खोडलं.

"आणि हेडली?" पाद्रीबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्याआधी तोच गेला तर हे कुणाला वाचून दाखवायचं? बघा त्याच्याकडे."

मी बघितलं. तो चहाकडे बघत होता, पीत नव्हता.

"सही कुठे करू?" त्याने विचारलं.

"तू करायची नाहीस."

"मग बोलावलंस कशाला? माझा चेहरा बघायला?"

"चेहऱ्यात बघण्यासारखं काय आहे? यात तुझं नाव आहे."

"मला काय ठेवलंयस, शिव्या?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "पाचवं कलम. वाच. मोठ्याने नको."

त्याने दोनदा वाचलं. क्लेमंटने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मी त्याला डोळ्यांनीच मिटायला लावलं.

"नेल होती?"

"नेल."

"आणि तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"खोटारडी म्हातारी."

"हो."

मला वाटलं, आता उठून जाईल आणि परत या घराची पायरी चढणार नाही. तो म्हणाला, "ओरखडे खोडाच्या कुठल्या बाजूला?"

"ओढ्याच्या."

"जमिनीपासून किती उंच?"

"मी काय पट्टी घेऊन गेले होते?"

"नऊ वर्षं आणि एकदाही मोजलं नाहीस!" या बाईला काय म्हणावं, अशा नजरेने त्याने पाद्रीबाईंकडे बघितलं. मग उठला. माझी शिवणाची टेप ड्रॉवरमधून न विचारता काढली, आणि कॅलेंडरांच्या ढिगातलं सगळ्यांत वरचं घेतलं.

"अरे, सही होईपर्यंत तरी बस."

"माझी चालत नाही ना? मग करा तुम्ही."

आणि गेला. दारही लावलं नाही.

म्हणून पाचव्या कलमात दुरुस्ती: हा हक्क माझ्या मरणानंतर नाही, आजपासूनच. बाकी सर्व वर लिहिल्याप्रमाणे कायम. वाचून, समजून, दोघांच्या समोर सही केली.

थर्झा रोझवार्न

साक्षीदार
१. फिलिपा नॅन्स, पाद्री, सेंट मेव्हर
२. क्लेमंट टॉय, लोकर कातरणारा, सेंट मेव्हर (भुंकल्याबद्दल माफी मागायला कबूल)

हेडली उग्लो सहीच्या वेळी हजर नव्हता. तो राईत आहे.

ठिकाण: कार्नडू, सेंट मेव्हर, कॉर्नवॉल
गुरुवार, १४ मार्च २०२४, सकाळी सव्वाअकरा